‘कार्टूनमुळे’ म्हणण्यापूर्वी

पालकसभा कोणत्याही इयत्तेची असो, एक वाक्य तिथे हमखास येतं. ‘सारखं कार्टून बघतो, मग अभ्यासात लक्ष कसं लागणार?’ कधी ते पालक म्हणतात, कधी आपण. समोरचा मान डोलावतो आणि पुढच्या मुलाची पाळी येते. कार्टूनमुळे लक्ष लागत नाही, कार्टूनमुळे मारामाऱ्या वाढल्या, कार्टूनमुळे मराठी बिघडलं, कार्टूनमुळे पोरं धड जेवत नाहीत. एकाच गोष्टीमुळे इतकं सगळं होतं असं जेव्हा कोणी सांगतं तेव्हा विज्ञान शिकवणाऱ्याच्या मनात खरं तर शंका यायला हवी. सर्व रोगांवरच्या एकाच औषधावर आपण विश्वास ठेवत नाही. मग सर्व रोगांच्या एकाच कारणावर का ठेवावा?

उन्हाळ्यात आइसक्रीमचा खप वाढतो, आणि विहिरीत पोहताना बुडण्याच्या घटनाही वाढतात. म्हणून आइसक्रीममुळे माणसं बुडतात असं नाही, हे आपण वर्गात हसत हसत सांगतो. पण कार्टूनचा विषय निघाला की हा काटेकोरपणा ढिला पडतो. त्यात वर्तमानपत्रातलं एखादं कात्रण हाती असतं : ‘संशोधनाने सिद्ध’. अशा कात्रणांमागे जे मोजके प्रयोग पुन्हा पुन्हा दिसतात, त्यांत नेमकं काय केलं होतं आणि त्यातलं आपल्या पाचवी-सातवीच्या वर्गापर्यंत किती आणता येतं, हे इथे तपासायचं आहे.

त्याआधी ‘कार्टून’ या शब्दाबद्दल. ‘टॉम अँड जेरी’ १९४० साली सुरू झालं ते चित्रपटगृहांत दाखवण्यासाठी. समोर मोठी माणसंही बसलेली असत. ज्या शिनचॅनची ओढून बोलायची लकब आपली मुलं वर्गात करून दाखवतात, तो १९९० साली जपानमधल्या मोठ्यांच्या चित्रकथा-साप्ताहिकात जन्मला. आणि विजया मुळे यांनी १९७४ मध्ये केलेला, दूरदर्शनवर कित्येक पिढ्यांनी पाहिलेला ‘एक, अनेक और एकता’ हादेखील चलत्‌चित्रपटच. या तिन्हींचा मुलांवर ‘परिणाम’ काय, असं एका दमात विचारणं म्हणजे ‘पातेल्यातलं खाल्ल्याने काय होतं?’ असं विचारण्यासारखं आहे. पातेल्यात काय शिजलंय त्यावर ते ठरणार.

जिथे कारण स्पष्ट सापडलं

एक घटना अशी आहे की जिथे ‘कार्टूनमुळे’ हा शब्द बऱ्याच खात्रीने वापरता येतो. १६ डिसेंबर १९९७ च्या संध्याकाळी जपानमध्ये ‘पोकेमॉन’ मालिकेचा एक भाग प्रसारित झाला. त्यातल्या एका स्फोटाच्या दृश्यात काही सेकंद संपूर्ण पडदा लाल-निळा, लाल-निळा असा सेकंदाला सुमारे बारा वेळा लुकलुकत राहिला. त्या रात्री ६८५ मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं. कोणाला झटके आले, कोणाची शुद्ध हरपली, कोणाला नुसती मळमळ. सगळ्यांनाच अपस्माराचा झटका आला होता असं नाही. भीतीनेही त्रास होतो, आणि बातम्यांत तेच दृश्य पुन्हा दाखवल्यावर आणखी काहींना त्रास झाला. पण मूळ यंत्रणा ठाऊक आहे. साधारण चार हजारांत एका व्यक्तीचा मेंदू लुकलुकत्या प्रकाशाला अतिसंवेदनशील असतो आणि शाळकरी वयात हे प्रमाण जास्त असतं. पाहणारी मुलं लाखोंच्या घरात असली की चार हजारांत एक ही संख्यासुद्धा मोठी होते. मालिका चार महिने बंद राहिली आणि किती वेगाने, किती भाग लुकलुकू द्यायचा याचे नियम ठरले.

या उदाहरणात कारण ‘कार्टून’ हे नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. कारण आहे विशिष्ट वेगाने, विशिष्ट रंगांत, पडद्याच्या मोठ्या भागावर लुकलुकणारा प्रकाश. तो जाहिरातीत असता किंवा खेळाच्या यंत्रावर असता तरी हेच झालं असतं. पातेलं बाजूला ठेवून आतलं तपासलं म्हणून उपाय सापडला.

बाहुली आणि काळं मांजर

आता मारामारीकडे वळू. या बाबतीत १९६३ साली अल्बर्ट बँड्युरा, डोरोथिया रॉस आणि शीला रॉस यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाचा दाखला नेहमी दिला जातो. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतली ९६ मुलं, वयं सुमारे तीन ते पावणेसहा वर्षं. काही मुलांसमोर एक मोठं माणूस हवा भरलेल्या बाहुलीला प्रत्यक्ष मारत होतं, काहींना तेच चित्रफितीवर दाखवलं, काहींना ‘कार्टून’ दाखवलं आणि काहींना काहीच दाखवलं नाही. नंतर प्रत्येक मुलाला आधी थोडं चिडवलं (आवडती खेळणी देऊन लगेच काढून घेतली) आणि मग तशीच बाहुली असलेल्या खोलीत वीस मिनिटं सोडलं. आक्रमक कृतींची सरासरी आली ती अशी : प्रत्यक्ष पाहणारे ८३, चित्रफीत पाहणारे ९२, कार्टून पाहणारे ९९ आणि काहीच न पाहणारे ५४.

आकडे बोलके आहेत. पण प्रयोगाचा तपशील वाचला की आश्चर्य वाटतं. त्यातलं ‘कार्टून’ मुळी चित्रांचं नव्हतंच. काळ्या मांजराचा पोशाख घातलेली एक बाई, मागे रंगीत झाडं-पक्षी रंगवलेला पडदा, पायाखाली खोटं गवत, आणि हे सगळं टीव्हीच्या पेटीतून दाखवलेलं. दुसरं असं की ती बाहुली ठोसा मारला की पडून पुन्हा उठणारी, म्हणजे मारण्यासाठीच बनवलेली होती. काहीच न पाहिलेल्या मुलांनीही तिला बडवलंच. ५४ हा आकडा काही शून्य नाही. पाहिल्यानंतर लगेच, त्याच तऱ्हेच्या खोलीत, चिडवून, मग मोजणी. दुसऱ्या दिवशी त्या मुलांनी मित्राला मारलं का, हे या प्रयोगातून कळत नाही. प्रयोगकर्त्यांचा तसा दावाही नव्हता. त्यांना दाखवायचं होतं ते एवढंच, की मुलं बक्षीस किंवा शिक्षा मिळाली नाही तरी नुसतं पाहून कृती शिकतात. ते त्यांनी उत्तम दाखवलं. मुलांनी पडद्यावरच्यासारखीच हातोडी वापरली, तेच शब्द उच्चारले. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात छोटा भीमची ढिशूम-ढिशूम आपण बघतो तीही हीच नक्कल. नक्कल खरीच असते. तिच्यातून हिंसक वृत्ती बनते का, हा पुढचा आणि वेगळा प्रश्न आहे, आणि कात्रणं नेमकी इथेच उडी मारतात.

नऊ मिनिटं

माझ्या मते या साऱ्या संशोधनात शिक्षकांनी बारकाईने वाचावा असा प्रयोग अँजेलिन लिलार्ड आणि जेनिफर पीटरसन यांचा, २०११ सालचा. तो गाजला तोही चुकीच्या कारणासाठी.

व्हर्जिनिया विद्यापीठात चार वर्षांच्या साठ मुलांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट केले. एका गटाने नऊ मिनिटं ‘स्पंजबॉब’ पाहिलं. समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या स्पंजाची ही भन्नाट मालिका. दर ११ सेकंदांना संपूर्ण दृश्य बदलतं. दुसऱ्या गटाने एका लहान मुलाच्या घरगुती आयुष्यावरची शांत मालिका पाहिली. तिथे दृश्य सरासरी ३४ सेकंद टिकतं. तिसरा गट कागदावर चित्रं काढत बसला. नंतर लगेच चार कामं दिली. हनोईच्या मनोऱ्याचं कोडं. सांगितलेले अंक उलट क्रमाने म्हणणं. ‘डोक्याला हात लावा’ म्हटलं की पायाच्या बोटांना हात लावायचा असा एक खेळ (आपल्या ‘शिवाजी म्हणतो’चा जवळचा भाऊ). आणि समोर खाऊ ठेवून, थांबलास तर जास्त मिळेल असं सांगून मुलाला एकटं सोडणं. स्वतःला आवरणं, सूचना डोक्यात धरून ठेवणं, सवयीची कृती थोपवणं या ताकदीला मानसशास्त्रज्ञ कार्यकारी नियंत्रण म्हणतात. वर्गात आपण जिला ‘लक्ष’ म्हणतो तिचा मोठा हिस्सा हाच. स्पंजबॉब पाहिलेली मुलं यात मागे पडली. खाऊसाठी ती सरासरी अडीच मिनिटं थांबली, बाकीची चार मिनिटांहून अधिक.

मथळे काय आले असतील ते आपण ताडू शकतो. ‘वेगवान कार्टूनने मेंदूवर परिणाम.’ वाहिनीने उत्तर दिलं की आमची मालिका सहा ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी आहे, चार वर्षांच्या नाही. ही पळवाट वाटेल, पण मुद्दा चूक नव्हता. शिवाय मुलं साठच, बहुतेक सुखवस्तू गोऱ्या घरांतली. कार्टून पाहण्याआधी त्यांची हीच परीक्षा घेतलेली नव्हती. आणि परिणाम किती वेळ टिकतो हे पाहिलेलंच नव्हतं. धावून आलेल्या मुलाची नाडी मोजून त्याला हृदयविकार आहे असं कोणी म्हणत नाही. नऊ मिनिटांनंतर लगेच घेतलेल्या मोजणीवरून मूल ‘बिघडलं’ म्हणणं त्याच जातीचं.

पण खरी गंमत पुढे आहे. २०११ च्या प्रयोगातल्या दोन मालिकांत वेगाचा फरक होता, तसाच आणखी एक फरक होता : एकीत अशक्य गोष्टी घडत होत्या, दुसरीत रोजच्या. दोन चल राशी एकदम बदलल्या तर परिणाम कोणाचा हे सांगता येत नाही, हे आपण आठवीला लंबकाच्या प्रयोगात शिकवतो. लिलार्ड यांनाही ते माहीत होतं. त्यांनी सहकाऱ्यांबरोबर आणखी तीन अभ्यास केले आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांतल्या शेवटच्या अभ्यासात ८० मुलं घेऊन वेग आणि अद्‌भुतता वेगळी केली : वेगवान-अद्‌भुत, संथ-अद्‌भुत, वेगवान-वास्तव, संथ-वास्तव. निष्कर्ष असा निघाला की वेगाने फरक पडत नाही. अद्‌भुत घटना पाहिल्यावर, मग त्या संथ का असेनात, चार वर्षांच्या मुलांचं नियंत्रण तात्पुरतं उतरतं. वेग निर्दोष असल्याचं तसं १९७७ सालीच डॅनियल अँडरसन व सहकाऱ्यांच्या प्रयोगात दिसलं होतं. ‘सेसमी स्ट्रीट’चे वेगवान आणि संथ असे दोन अवतार करून त्यांनी मुलांना दाखवले, नंतरच्या वागण्यात फरक आढळला नव्हता. ‘वेगाने मेंदू बिघडतो’ हे वाक्य मात्र लोकांच्या तोंडी बसलं ते बसलंच.

असं का होत असावं? लिलार्ड यांचा तर्क असा की मेंदू पुढे काय होणार याचा सतत अंदाज घेत असतो. अंदाज पुन्हा पुन्हा फसले की त्याला जास्त काम पडतं आणि थोडा वेळ तो दमतो. तर्क म्हणून तो ठीक आहे, सिद्ध झालेला नाही. तीनपैकी मधल्या अभ्यासातलं एक निरीक्षण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. अद्‌भुत पण ‘शैक्षणिक’ म्हणून बनवलेल्या मालिकेनंतरही मुलं तितकीच उतरली. त्याच मालिकेवर आधारित पुस्तक वाचलेली मुलं मात्र उतरली नाहीत. वेष्टनावर ‘शैक्षणिक’ छापून आलेल्या मालाबाबत आपण शिक्षक जरा जास्तच भोळे असतो, म्हणून हे नमूद करतो. याचा अर्थ परीकथा टाकून द्या असा मात्र कोणी घेऊ नये. परीकथा ऐकताना मूल स्वतःच्या वेगाने चित्र उभं करतं, मध्येच थांबवून ‘मग राक्षस खातो काय?’ विचारतं. पडदा थांबत नाही.

आपल्या वर्गापुरता यातून काय बोध घ्यायचा? २०१५ च्या अभ्यासांपैकी एकात सहा वर्षांची मुलंही होती. त्यापुढच्या वयांबद्दल हे प्रयोग काही सांगत नाहीत. म्हणजे पहिलीच्या शिक्षिकेने एवढं जरूर धरावं की शाळेत यायच्या आधीची पंधरा मिनिटं मुलाने अशा मालिकेसमोर काढली असतील तर प्रार्थनेनंतरचा पहिला तास जड जाऊ शकतो. सातवीच्या शिक्षकाच्या हाती या प्रयोगांतून काही येत नाही, आणि त्याने तसं मानू नये.

‘मुळे’ची किंमत

दीर्घकालीन परिणामांसाठी ज्या अभ्यासाचा आधार घेतात तो डिमिट्री ख्रिस्ताकिस आणि सहकाऱ्यांचा, २००४ सालचा. पहिल्या व तिसऱ्या वर्षी जी मुलं जास्त टीव्ही बघत त्यांच्यात सातव्या वर्षी लक्षाच्या तक्रारी जास्त आढळल्या. हा प्रयोग नव्हता, आईबापांच्या उत्तरांवरून काढलेला सहसंबंध होता. लेखकांनीही तसं बजावलं होतं. २०१० मध्ये मायकेल फॉस्टर आणि स्टेफनी वॉटकिन्स यांनी तीच माहिती पुन्हा तपासली. घरची गरिबी आणि आईची शैक्षणिक कुवत या दोन गोष्टी हिशेबात धरल्या, तेव्हा दिवसाला सात तासांहून अधिक टीव्हीसमोर असलेली थोडी मुलं सोडता संबंध उरला नाही. अर्थ उघड आहे. ज्या घरात आईला दोन पाळ्या कराव्या लागतात तिथे टीव्ही जास्त चालतो, आणि त्याच घरात मुलाच्या झोपेचं, जेवणाचं, अभ्यासाचंही हाल होतात. दोष टीव्हीच्या नावावर जमा होतो.

हा वाद केवळ संशोधकांचा नाही. माझ्या पाहण्यातल्या एका शाळेत चौथीतली एक मुलगी फळ्यावरचं उतरवून घेताना मध्येच थांबायची, शेजारणीच्या वहीत डोकवायची. प्रगतिपुस्तकात शेरा गेला : लक्ष नाही, कार्टून पाहणं कमी करावं. घरच्यांनी टीव्ही बंद केला. मुलगी होती तशीच. दुसऱ्या सत्रात आरोग्य तपासणी झाली तेव्हा कळलं की तिसऱ्या बाकावरून तिला फळा नीट दिसतच नव्हता. ‘कार्टूनमुळे’ हे उत्तर तयार असल्यामुळे कोणी प्रश्न विचारलाच नव्हता. कमी ऐकू येणं, रक्तक्षय, अपुरी झोप, घरातली भांडणं, वाचनातली खरीखुरी अडचण, यांतलं काहीही अशा शेऱ्याखाली वर्षभर झाकलं जाऊ शकतं.

मग कार्टून अगदी निरुपद्रवी म्हणायचं का? तसंही नाही. याच ख्रिस्ताकिस यांचा २०१३ सालचा प्रयोग मला २००४ च्या अभ्यासापेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो. सिएटल भागातली तीन ते पाच वर्षांची मुलं असलेली ५६५ कुटुंबं घेतली. अर्ध्यांना पाहण्याचा वेळ कमी करायला सांगितलंच नाही; फक्त मारामारीच्या कार्यक्रमांऐवजी जुळवून घेणं, मदत करणं दाखवणारे कार्यक्रम लावायला मदत केली. सहा महिन्यांनी या मुलांचं इतरांशी वागणं मोजमापात थोडं सुधारलेलं दिसलं, आणि गरीब घरांतल्या मुलग्यांत विशेष. परिणाम मोठा नाही. पण इथे गट चिठ्ठ्या टाकून केलेले आहेत आणि मोजणी महिन्यांनी झालेली आहे, म्हणून ‘मुळे’ हा शब्द इथे शोभतो. ‘किती वेळ’ एवढंच विचारून थांबणाऱ्या आपल्या सूचनांना हा प्रयोग ‘काय’ हा प्रश्न जोडतो. अर्थात रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘जंगल बुक’ लागायचं आणि संपायचं, तो काळ गेला. फोनवर एक भाग संपण्याआधी दुसरा सुरू होतो, आणि वरचे बहुतेक प्रयोग या आपोआप पुढे सरकणाऱ्या पडद्याच्या आधीचे आहेत.

भाषेच्या तक्रारीबद्दल थोडक्यात. बांगलादेशाने २०१३ साली हिंदीतलं ‘डोरेमॉन’ बंद केलं. मुलं बंगालीऐवजी हिंदी बोलू लागली अशी तक्रार होती. आपल्याकडेही ‘मला मदत कर’च्या जागी ‘माझी मदत कर’ ऐकू येतं. मुलं ऐकून भाषा उचलतात यात शंका नाही. पण ही ‘माझी मदत’ जाहिरातींत आणि बातम्यांतही भेटते, आणि तिथे बोलणारे डोरेमॉन बघत वाढलेले नसतात.

विज्ञान शिक्षकांची आणखी एक तक्रार असते : कार्टूनमधलं भौतिकशास्त्र चुकीचं असतं. धावता धावता प्राणी कड्याच्या पुढे जातो, हवेत थांबतो, खाली बघतो आणि मग सरळ खाली कोसळतो. चूक आहेच, आडवा वेग असलेली वस्तू वक्र मार्गाने पडते. पण मायकेल मॅक्लॉस्की यांनी १९८० च्या दशकात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना विचारलं होतं की चालणाऱ्या माणसाच्या हातून चेंडू सुटला तर कुठे पडेल. जवळजवळ निम्म्यांनी सांगितलं, सरळ खाली. आणि वस्तूला दिलेला ‘जोर’ संपला की ती पडते ही कल्पना युरोपातल्या पंडितांनी मध्ययुगात लिहून ठेवलेली आहे. तेव्हा कुठे होतं कार्टून? माणसाच्या मनात आधीपासून असलेली समजूत चित्रकाराने उचलली, म्हणून तर विनोद सगळ्यांना कळतो. नववीला गतीचे नियम शिकवताना तोच कडा फळ्यावर काढा आणि प्राण्याचा खरा मार्ग मुलांना काढायला लावा. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीपेक्षा तो लवकर समजतो असा माझा अनुभव आहे.

आठवी-नववीच्या मुलांकडून एक छोटा प्रकल्पही करून घेता येईल. धाकटी भावंडं पाहतात त्या कोणत्याही मालिकेची पाच मिनिटं निवडायची. घड्याळ लावून दृश्य किती वेळा पूर्ण बदललं ते मोजायचं, आणि दुसऱ्या रकान्यात प्रत्यक्षात घडूच शकणार नाहीत अशा घटना लिहायच्या. दोन मुलांनी एकमेकांना न दाखवता वेगवेगळं मोजायचं. पहिल्याच मिनिटाला वाद होईल. चित्र नुसतं जवळ आलं तर ते दृश्य बदललं म्हणायचं का? कुत्रा बोलतो ही एक अशक्य घटना, की तो जितकी वाक्यं बोलतो तितक्या? हे आधी ठरवून वहीत लिहायचं. तरीही दोघांचे आकडे जुळले नाहीत, तर व्याख्या दुरुस्त करायची आणि तोच भाग पुन्हा सुरुवातीपासून लावायचा.